बाईंनी न पाहिलेले चौथे चित्र

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते. गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मंडळाच्या वार्षिकांकात मी आमच्या प्रा. कुमुद टिपणीसबाईंवर दोन पानांचे टिपण लिहिले होते. त्यात एक वाक्य असे होते : ‘श्वासतपासणीच्या माझ्या कामाची चारही चित्रे बाईंनी बारकाईने पाहिली आणि मगच ते काम पुढे जाऊ दिले.’ हे वाक्य खरे नाही. बाईंनी तीन चित्रे पाहिली. चौथे त्यांनी मागितले होते, पण मी ते दाखवले नाही. ही छपाईची चूक नव्हे, की विस्मरणही नव्हे. ते वाक्य लिहिताना मला सगळे ठाऊक होते.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी माझ्याकडे एखादी हृद्य आठवण मागितली गेली. आठवणी पुष्कळ आहेत आणि त्या सांगण्याची मनापासून इच्छा आहे. पण वरचे वाक्य तसेच ठेवून बाईंबद्दल काही चांगले लिहायला हात उचलेना. म्हणून आधी ते खोडले. आता पहिल्या ओळखीपासून क्रमाने सांगते.

ठाण्याच्या आमच्या महाविद्यालयात मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाईंना निवृत्त होऊन तेव्हा काही वर्षे झाली होती, तरी आठवड्यातून दोन दिवस प्रात्यक्षिके घ्यायला त्या मानधन न घेता येत. नवीन मुले त्यांना मॅडम म्हणायला जायची. चार दिवसांत आपोआप ‘बाई’ म्हणू लागायची. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती एका बेपत्ता ठिपक्यामुळे.

त्याआधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे कळणार नाही. माझे पहिले शिक्षण घरात झाले. आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. आई-बाबा दोघेही कामाला जायचे, म्हणून बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, हिने मला घरीच शिकवले आणि मी शाळेत गेले ती थेट तिसरीत. आत्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी आणून त्यांचे लोंबते दोरे कापायची. मांडीवर पँट, हातात छोटी कात्री आणि तोंडाने माझे पाढे. तिचा एकच नियम होता : वही स्वच्छ हवी. चुकलेला आकडा ब्लेडने खरवडायचा, आणि तरी डाग राहिला तर पान फाडून सगळे पुन्हा उतरवायचे. त्या सवयीने मला पहिला नंबर दिला. तिने आणखी काय केले, ते पुढे येईलच.

तर दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी कळव्याच्या एका बेकरीतून चाळीस दिवसांचे आकडे आणले होते : भट्टीतला वेळ आणि पावाच्या लादीचे वजन. बाईंनी माझा आलेख हातात घेतला आणि पेन्सिलीच्या टोकाने ठिपके मोजायला सुरुवात केली. आलेखातले ठिपके मोजणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते.

“चाळीस दिवस म्हणालीस ना? इथे एकोणचाळीसच आहेत.”

“एक चुकीचा होता, बाई. तो काढला.”

“चुकीचा आहे असं कोण म्हणालं? बेकरीवाला?”

“नाही. तो फार वर होता. चित्र बिघडत होतं.”

मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, तिने त्याला नापास केला!”

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मग मला म्हणाल्या, “अगं, ज्याला ओळखत नाहीस त्याला नापास कसं करतेस? जा, आधी भेटून ये.”

मी बेकरीत गेले. मालकांनी वही उलटली आणि म्हणाले, “हा दिवस ना? वाडीत सण होता आपल्या ख्रिश्चन लोकांचा. त्यांना मोठे पाव लागतात, लादी जाड असते. वही एकच, त्यातच लिहिलं. का, तक्रार आली काय?”

“तक्रार नाही. ठिपका वर गेला.”

“गेला तर जाऊ दे की. पाव चांगला होता ना?”

हे मी वर्गात सांगितले तेव्हा बाईंनी हसून चष्मा काढला आणि डोळे पुसले. नंतर गंभीरपणे म्हणाल्या, “आता काढलास तरी चालेल. पण काढला हे लिही, का काढला ते लिही, आणि कुणाला विचारून काढला तेही लिही.” ठिपक्याला भेटून येणे ही बाईंची रीत आमच्या कितीतरी तुकड्यांनी पाळली आहे. कोणी त्यासाठी पंपहाऊसच्या चौकीदाराला भेटले, कोणी बस डेपोतल्या नियंत्रकाला. दर वेळी काही सापडतेच असे नाही. पण जाऊन यायचे.

हा विषय ज्यांचा नाही त्यांच्यासाठी बाईंच्या मुख्य शिकवणीबद्दल थोडे सांगते. एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा, उदाहरणार्थ उंची आणि वय यांवरून माणसाचा श्वास, म्हणजे एका दमात बाहेर फुंकलेली हवा, किती असावा, तर आपण आकड्यांमधून एक रेषा काढतो. याला रिग्रेशन म्हणतात. प्रत्यक्ष मोजलेला आकडा आणि रेषेने सांगितलेला आकडा यांच्यात जी तफावत राहते तिला बाई ‘उरलेले’ म्हणतात. रेषा बरोबर आहे का, हे रेषेकडे बघून कळत नाही; उरलेल्याकडे बघून कळते. त्यासाठी चार चित्रे काढायची.

पहिल्या चित्रात अंदाजासमोर उरलेले मांडायचे. बाई म्हणत, “तांदूळ सांडल्यासारखं दिसलं पाहिजे. रांगोळी दिसली की समजा, काहीतरी राहिलंय.” ठिपके कमानीसारखे वाकले तर सरळ रेषा पुरेशी नाही, नरसाळ्यासारखे पसरत गेले तर एका टोकाचे अंदाज दुसऱ्या टोकाइतके भरवशाचे नाहीत. दुसऱ्या चित्रात उरलेले लहान-मोठे लावून बघायचे, की त्यांची टोके वेडीवाकडी सुटत तर नाहीत. तिसऱ्यात त्यांचा पसारा सगळीकडे सारखा आहे का ते बघायचे. आणि चौथे चित्र कोणत्या ठिपक्यांनी रेषा स्वतःकडे ओढली आहे ते दाखवते. या चौथ्याबद्दल बाई फार आग्रही असत. “जो रेषा ओढतो, त्याची तफावत लहानच दिसते. रेषाच त्याच्याजवळ गेलेली असते ना! पहिल्या तीन चित्रांत तो अगदी शहाण्यासारखा बसलेला असतो. तीन चांगली आली म्हणून चौथं सोडू नका.”

प्रत्येक चित्राच्या मागच्या बाजूला बाई पेन्सिलीने तारीख घालत आणि एक ओळ लिहीत. ‘चित्र चांगले आहे’ असे त्यांनी कधी लिहिल्याचे मला माहीत नाही. त्या लिहीत, ‘आज मला यात काही दिसले नाही.’ एका मुलाने विचारले होते, “बाई, दोन्हीचा अर्थ तोच ना?” बाई म्हणाल्या, “नाही रे. एक वाक्य चित्राबद्दल आहे, एक माझ्याबद्दल.”

बाईंनी पुस्तक लिहिले नाही. मोठ्या पदावरही त्या गेल्या नाहीत. डोंबिवली पूर्वेला त्यांच्या घरी दर शनिवारी सकाळी बैठक असते. परिचारिका, कारकून, शिक्षक, विद्यार्थी, ज्याला आलेखाची अडचण असेल तो येतो. एकदा एक गृहस्थ आपल्या साहेबांनी काढलेला आलेख घेऊन आले होते आणि ‘बरोबर आहे’ एवढे बाईंकडून लिहून हवे म्हणाले. बाईंनी त्यांना दोन तास बसवले, पोहे दिले, आलेख चुकीचा का आहे ते समजावले आणि वर बजावले, “साहेबांना सांगताना ‘बाई म्हणाल्या’ असं सांगू नका. तुम्हाला आता कळलंय, तुम्ही सांगा.” ते गृहस्थ पुन्हा आले ते स्वतःच्या मुलीला घेऊन, तिला शिकवा म्हणून.

बाईंच्या मायेचा मला आलेला अनुभव एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा आहे. परीक्षा जवळ आली तशी मी एकच गणित दहा-दहा वेळा तपासू लागले. प्रात्यक्षिकांचे जर्नल पूर्ण झाले होते, पण द्यायला हात होईना. एक पान फाडायचे, पुन्हा लिहायचे. मी कॉलेजला जाणेच थांबवले. पाचव्या दिवशी दुपारी बाई रिक्षाने विठ्ठलवाडीला आमच्या दारात उभ्या. मला काही न विचारता त्या आत्याजवळ बसल्या. आत्या वाल सोलत होती. बाईंनीही मूठभर पुढे ओढले.

आत्या अभिमानाने म्हणाली, “हिला लहानपणी मीच शिकवलं बरं का. वहीत एक डाग सापडायचा नाही.”

“दिसतंय ते, ताई,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर मला आता हिला डाग पाडायला शिकवावं लागतंय.”

“आता मोठ्या कॉलेजातल्या बाईच असं बोलायला लागल्या तर पोरीनं ऐकायचं कुणाचं?”

“तुमचंच. तुम्हीच सांगा तिला, की जसं आहे तसं जर्नल दे म्हणून. माझं ऐकत नाही ती.”

आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंस ना? दे मग. जीव खाल्लास पाच दिवस.” दोघींचे वाल सोलून झाले, बाई आमच्याकडे जेवल्या आणि जाताना जर्नल स्वतःच्या पिशवीत घालून घेऊन गेल्या. त्यात तीन ठिकाणी खाडाखोड होती. मी पास झाले.

आता श्वासतपासणीच्या कामाकडे येते. पदवीनंतर मला कल्याणच्या एका धर्मादाय तपासणी केंद्राचे काम मिळाले. आपल्या भागातल्या बायकांचा श्वास किती असायला हवा, याचे समीकरण त्यांना हवे होते. निरोगी बायकांची मापे केंद्राने गोळा केली, समीकरण मी काढायचे, आणि मग शिबिरात येणाऱ्या बाईचा श्वास त्या अंदाजापेक्षा फार कमी भरला तर तिला पुढच्या तपासणीला पाठवायचे. माझे नाव लागणारे हे पहिलेच काम. केंद्राची अट होती की एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी ते तपासून सही करावी.

मी चार चित्रे काढली. पहिली तीन सांडलेल्या तांदळासारखी आली. चौथ्यात उजव्या कोपऱ्यात चार ठिपके धोक्याची हद्द दाखवणाऱ्या तुटक रेषेच्या पलीकडे बसले होते. चारही खूप बुटक्या बायका. तेवढ्या बुटक्या बायका आमच्या आकड्यांत जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे त्या टोकाला रेषा कुठे जाईल ते या चौघीच ठरवत होत्या. मला ते दिसले. अहवाल द्यायला दोन दिवस उरले होते. मी तीन चित्रे छापली आणि डोंबिवलीला गेले.

बाईंनी तिन्ही पाहिली. “चौथं?”

“तेही असंच आहे, बाई. प्रिंटर बंद पडला.”

बाईंनी पेन्सिल उचलली. मग त्यांनी तीनही चित्रांच्या मागे पेन्सिलीने लिहिले आणि अहवालावर सही केली. चित्रे मी फाईलमध्ये ठेवली. त्यांच्या मागे काय लिहिले आहे ते मी वाचले नाही. वाचायची भीती वाटली असावी. केंद्राने ते समीकरण वापरायला घेतले, आणि मी वार्षिकांकात ते चार चित्रांचे वाक्य लिहिले.

मागच्या महिन्यात केंद्राचे शिबिर विठ्ठलवाडीत होते. आत्या गेली आणि कागद नाचवत घरी आली. “बघ, नॉर्मल! तुझ्याच गणितानं पास केलंय मला.”

“जिना चढताना धाप लागते ते सांगितलंस का?”

“सांगितलं की. मशीन नॉर्मल म्हणतंय, म्हणजे वयाचं असेल म्हणाले.”

आत्याची उंची चार फूट सात इंच आहे. मी त्याच दुपारी फाईल उघडली.

या वेळी मी बाईंना विचारायच्या आधी त्या चौघींना भेटले. अर्जांवर पत्ते होते. चौघीही एकाच गल्लीतल्या निघाल्या, आणि चौघीही जीन्सचे दोरे कापणाऱ्या. त्यांतल्या एकीने मला बसायला पाट दिला. मी विचारले, “मावशी, तुम्हाला खोकला आहे?”

“तो काय, सगळ्या गल्लीलाच आहे. जीन्सची भुकटी उडते ना, नाकातोंडात जाते.”

“मग फॉर्मवर ‘काही त्रास नाही’ असं कसं लिहिलंत?”

“अगं, त्रास म्हणजे दवाखान्यात पडण्यासारखा काय असेल तो. खोकल्याला कोण त्रास म्हणतंय?”

निरोगी म्हणून मोजलेल्या या चौघींचा श्वास आधीच घटलेला होता, आणि त्यांनी रेषेचे बुटके टोक खाली ओढले होते. त्यामुळे माझे समीकरण बुटक्या बाईकडून मुळातच कमी श्वासाची अपेक्षा ठेवत होते. तिची फुफ्फुसे आखडलेली असली तरी ते तिला ‘नॉर्मल’ म्हणणार. आत्याला ‘नॉर्मल’ म्हटले, तसेच. त्या चौघींना वगळून, वगळल्याचे लिहून, मी समीकरण पुन्हा काढले आणि शिबिरांचे सगळे अहवाल त्यातून फिरवले. आत्या सोडून आणखी नऊ जणी निघाल्या, ज्यांना पुढच्या तपासणीला पाठवायला हवे होते आणि ज्यांना आपण बऱ्या आहोत असे सांगून घरी पाठवले गेले.

आत्याला आम्ही ठाण्याला मोठ्या दवाखान्यात नेले. तिचे औषध सुरू आहे. दोरे कापणे तिने बंद केले आहे, कुरकुरत.

फाईल घेऊन मी बाईंकडे गेले आणि सगळे सांगितले. बाईंनी चौथे चित्र भिंग घेऊन पाहिले, चौघींच्या भेटींचे टिपण वाचले. मग तिसरे चित्र उलटून माझ्यासमोर ठेवले. मागे त्यांच्या अक्षरात लिहिले होते : ‘आज मला यात काही दिसले नाही. चौथे पाहिले नाही. मुलीच्या शब्दावर ठीक धरले.’

“हे तू वाचलंच नव्हतंस?”

“नाही, बाई.”

“मी लिहिलं आणि स्वतःला मोकळी समजले. चित्र समोर येईपर्यंत सही करायला नको होती. तू घाबरतेस हे मला माहीत होतं. घाबरून खोटं बोलशील हे मी धरलं नव्हतं. माझंही एक चित्र पाहायचं राहिलं म्हणायचं.” त्यांनी लगेच कागद ओढला आणि केंद्राच्या नावे चार ओळी लिहिल्या : न पाहता सही केली, ही माझी चूक आहे, सही मागे घेत आहे. पंचाहत्तर वर्षांच्या, शेकडो विद्यार्थ्यांच्या आदराच्या धनी असलेल्या बाईंना ते लिहायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मग त्यांनी विचारले, “त्या नऊ जणींना कळवलंस?”

“अजून नाही. केंद्रात दोनदा गेले, बाई. फाटकावरूनच परत आले.”

“बरं. मग आता भूक लागली असेल. बस, उपमा करते.” मला रागावण्यासाठी त्यांच्याकडे पुष्कळ कारण होते. त्यांनी उपमा केला आणि मी खाईपर्यंत समोर बसून आत्याच्या औषधांची नावे विचारून घेतली.

हा लेख मी संपादकांकडे पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला. तेही बाईंचेच विद्यार्थी. काळजीने म्हणाले, “अगं, गौरवग्रंथ आहे हा. हे सगळं कशाला? लोक बाईंनाच नावं ठेवतील.” त्यांनी बाईंना विचारले. बाईंचे उत्तर त्यांनी मला जसेच्या तसे कळवले : “पन्नास जण माझ्याबद्दल एका सुरात बोलले, तर मला त्या पन्नासांवरच संशय येईल. छापा.” म्हणून हा लेख इथे आहे. कोणाला नावे ठेवायची असतील तर ती मला ठेवावीत. बाईंनी चौथे चित्र मागितले होते आणि न मिळाल्याचे लिहूनही ठेवले होते.

बाई, आपल्याला निरोगी आणि खूप लांब आयुष्य लाभो. आपले गुडघे दुखणे थांबो, डोळे असेच तीक्ष्ण राहोत, शनिवारची बैठक भरत राहो आणि तिथे कोणी आपल्याला न दाखवता काही मागे ठेवू नये. आपल्याला काय देऊ, असे मी खूप दिवस स्वतःला विचारत होते. शाल-श्रीफळ मंडळ देणारच आहे. माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट आहे आणि ती मला अजून करायची आहे.

केंद्राच्या डॉक्टरांना मी फोन करून वेळ मागून घेतली आहे. काम काय ते फोनवर सांगण्याचे धाडस झाले नाही; ते समोर बसून सांगेन. सोबत चौथे चित्र, दुरुस्त समीकरण, बाईंचे पत्र आणि नऊ जणींची नावे असतील. ते रागावतील, कदाचित पुढे कामही देणार नाहीत. तरी त्या नऊ जणींना परत बोलावण्याचे पत्र निघेपर्यंत मी तिथून उठणार नाही. सोहळा रविवारी आहे. हा ग्रंथ आपणा सर्वांच्या हाती येईल तेव्हा डॉक्टरांच्या भेटीचा दिवस होऊन गेलेला असेल, तेव्हा सभागृहात मी दिसले तर इतर काही बोलण्याआधी मला विचारा, की गेलीस का. मी जाणार आहे सोहळ्याआधीच्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता.